मिनिमाइझचं बटण गेलं कुठे?

विंडोज सोडून लिनक्सकडे वळणाऱ्याला पहिल्याच दिवशी प्रश्न पडतो: डेस्कटॉप कुठला, ग्नोम घेऊ, केडीई घेऊ की सिनॅमन? विंडोजमध्ये सिस्टिम आणि तिचा चेहरा एकत्रच येतात. इथे ते वेगळे आहेत, आणि त्याचं मूळ १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिममध्ये आहे. पडद्यावर खिडक्या दाखवायच्या आणि माउस-कीबोर्डची हालचाल प्रोग्रॅमपर्यंत पोचवायची, एवढंच काम एक्सने अंगावर घेतलं. खिडकीची चौकट कशी असावी, बटणं कुठे असावीत, हे मुद्दाम दुसऱ्यांवर सोडलं.

लिनक्सवर अख्खा डेस्कटॉप एकत्र बांधायचा म्हणून १९९६ मध्ये केडीई सुरू झालं. त्याचा पाया असलेल्या क्यूटीचा, म्हणजे खिडक्या-बटणं बांधायच्या तयार कोडसंचाचा, परवाना तेव्हा पुरेसा मुक्त नव्हता, म्हणून १९९७ मध्ये ग्नोम उभं राहिलं. २००० मध्ये क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं आणि भांडणाचं कारण संपलं. तोवर दोन्ही घरांत माणसं राहायला आली होती.

२००२ चं ग्नोम २ नवख्याला सोपं होतं. वर मेनू, खाली उघड्या खिडक्यांची पट्टी. २००४ मध्ये उबंटू हे लिनक्सचं वितरण (वापरायला तयार संच) आलं तेही हाच डेस्कटॉप घेऊन. विंडोज एक्सपीवरून आलेला माणूस तासाभरात रुळायचा.

मग एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं. खालची पट्टी गेली, आणि खिडकीच्या माथ्यावरची मिनिमाइझ-मॅक्सिमाइझ ही बटणंही गेली. उरलं फक्त बंद करण्याचं बटण. करणाऱ्यांचा युक्तिवाद सुसंगत होता: पट्टीच नाही, तर मिनिमाइझ केलेली खिडकी जाणार कुठे? गर्दी झाली तर ती दुसऱ्या वर्कस्पेसवर, म्हणजे त्याच पडद्यावरच्या दुसऱ्या आभासी डेस्कटॉपवर, ठेवा. मोठी करायची तर माथ्यावर डबल-क्लिक करा. कागदावर हे पटतं. पण नवखा माणूस कोरा येत नाही, वर्षानुवर्षांची हाताची सवय घेऊन येतो. ती सवय मोडायला लावताना पडद्यावर त्याला काहीच सांगितलं जात नव्हतं. माझ्या मते नवख्यांच्या बाबतीत हा या डेस्कटॉपच्या इतिहासातला सर्वांत महागडा निर्णय ठरला.

त्यातून फाटे फुटले. ग्नोम २ चा जुना कोड घेऊन माटे निघालं. नव्या तंत्रावर जुनी मांडणी बसवून सिनॅमन आलं. उबंटूने एप्रिल २०११ मध्येच स्वतःचा युनिटी हा डेस्कटॉप पुढे केला, २०१७ मध्ये तो सोडला आणि ग्नोमकडे परतलं, पण तिन्ही बटणं आणि डावीकडचा डॉक (अॅपच्या चिन्हांची पट्टी) ठेवूनच. मूळ ग्नोममध्ये आजही सुरुवातीला एकच बटण दिसतं. बाकीची ट्वीक्स या सेटिंग्ज बदलणाऱ्या अॅपमधून आणता येतात.

आता खुद्द एक्सही मागे पडतंय. २००८ मध्ये सुरू झालेलं वेलँड, म्हणजे एक्सची जागा घेणारी नवी व्यवस्था, आज बहुतेक मोठ्या वितरणांत आधीपासून चालू असतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून इकडे वळणाऱ्यांना जुने सल्ले वाचायला मिळतात ते मात्र एक्सच्या काळातले. अडकलेली खिडकी मारणारं एक्सकिल वेलँडच्या खिडक्यांवर चालत नाही. म्हणून असा सल्ला अमलात आणण्याआधी सेटिंग्जमधल्या सिस्टिमच्या माहितीत आपलं सेशन एक्सचं आहे की वेलँडचं, हे बघून घ्यावं.