जुन्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर बदलताना

पावसाळ्यात मुंबईतली जुनी पद्मिनी किंवा कार्बुरेटरवाली मारुती ८०० सकाळी सुरू व्हायला कुरकुरते, चढावर पिकअप सोडते, हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गेली की मिसिंग मारू लागते, म्हणजे मधूनच एखाद्या सिलिंडरमधलं मिश्रण पेटतच नाही. मग गॅरेजमध्ये निदान होतं: ‘डिस्ट्रिब्युटर गेला.’ डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला योग्य वेळी ठिणगीची वीज पोचवणारा भाग. हे निदान पुष्कळदा अर्धवट असतं. गेलेली असते ती कॅप (वरचं झाकण), रोटर (आतला फिरता हात), कंडेन्सर (वीज क्षणभर साठवणारा भाग) किंवा पॉइंट (उघडझाप करणारा स्विच), आणि या सगळ्या वस्तू सुट्या बदलता येतात. अख्खा डिस्ट्रिब्युटर बदलण्याचं खरं कारण एकच असतं: शाफ्ट (मधला दांडा) ज्या बुशात, म्हणजे धातूच्या नळीत, फिरतो ते बुश झिजलेलं असणं. असं का, ते त्याचं काम पाहिलं की कळतं.

पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या (बॅटरीचा दाब वाढवणाऱ्या वेटोळ्याच्या) आतल्या जाड तारेतून तीन-चार अँपिअर प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. शाफ्टवरचा कॅम (उंचवटे असलेला भाग) पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, ते क्षेत्र क्षणात कोसळतं. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेल्या नियमानुसार कोसळणाऱ्या क्षेत्रामुळे कॉइलमधल्याच बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा ते पंचवीस हजार व्होल्टचा दाब उभा राहतो. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडून ही ऊर्जा वाया जाऊ नये म्हणून साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडलेला असतो. तो कमजोर झाला की पॉइंट काळेनिळे पडतात, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ येतं. नवे पॉइंट टाकूनही तेच झालं तर दोष कंडेन्सरचा धरावा.

हा उच्च दाब रोटरमार्फत योग्य सिलिंडरच्या वायरकडे जातो. पण वाटप हे त्यातलं सोपं काम. अवघड काम आहे वेळ, म्हणजे टायमिंग, साधण्याचं. सिलिंडरमधलं मिश्रण पेटल्यावर पूर्ण जळायला ढोबळमानाने दोन मिलिसेकंद लागतात. इंजिन ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेरे) असताना तेवढ्या वेळात क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा, जवळजवळ १० अंश फिरतो, तर ३००० आरपीएमला ३६ अंश. जाळ ऐन जोरात असताना पिस्टन नुकताच खाली निघालेला असायला हवा, म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडावी लागते. त्यासाठी पॉइंटच्या पाटाखाली स्प्रिंगने बांधलेली दोन वजनं असतात. ती वेगाने बाहेर फेकली जातात आणि कॅम पुढे सरकवतात. ठिणगी अशी आधी पाडणं म्हणजे अॅडव्हान्स. बाजूची, इंजिनच्या ओढीवर चालणारी व्हॅक्यूमची डबी कमी थ्रॉटलवर आणखी थोडा अॅडव्हान्स देते.

आता बुश झिजलं तर काय होतं ते पाहा. पॉइंटचा गॅप असतो ०.४ ते ०.५ मिलिमीटर. शाफ्ट ०.१ मिलिमीटर जरी डोलत असेल, तरी त्या गॅपचा पाचवा-चौथा हिस्सा हलला. एका सिलिंडरला ठिणगी लवकर, दुसऱ्याला उशिरा, आणि पुढच्या फेरीत पुन्हा वेगळं. असा डिस्ट्रिब्युटर कितीही वेळा सेट केला तरी टायमिंग धरत नाही. परीक्षा सोपी आहे. कॅप काढा, शाफ्टचं वरचं टोक चिमटीत धरून आडवं हलवा. टिकटिक जाणवली तर बुश गेलं. रोटर थोडा फिरवून सोडा: वजनांच्या स्प्रिंगने तो चटकन मागे यायला हवा. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढली तर पॉइंटचा पाट सरकायला हवा. तो न हलता नुसती हवा आली तर पडदा फाटलेला आहे.

कॅप मात्र मुंबईत आधी तपासावी. कॅपच्या आत सतत ठिणग्या पडून ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. आपल्याकडच्या दमट हवेत त्यांचं नायट्रिक आम्ल होतं, ते अॅल्युमिनियमच्या टोकांवर पांढरी भुकटी आणतं. ओल आणि धुळीच्या थरातून वीज पृष्ठभागावरून पळू लागली की कॅपवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ उमटते. ही रेघ म्हणजे कार्बन, आणि कार्बन वाहक असल्यामुळे ती पुसून भागत नाही. कॅप बदलावीच लागते. नवी घेताना पितळी टोकांची मिळाली तर तीच घ्यावी. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत या सगळ्या दोषांची परीक्षा कडक होते, कारण गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर नीट चालणारी गाडी गॅसवर मिसिंग मारते ती बरेचदा यामुळे.

बुशच गेलं असेल तर डिस्ट्रिब्युटर बदला. ऑपेरा हाऊसच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळणारा नवा-जुना नग जुन्याशेजारी ठेवूनच घ्यावा. शाफ्टची लांबी, खालच्या गिअरचे दाते आणि त्यांचा तिरकेपणा, व्हॅक्यूमच्या डबीची बाजू, रोटर फिरण्याची दिशा, सगळं जुळायला हवं. उलट्या दिशेच्या नगात वजनं अॅडव्हान्स देण्याऐवजी टायमिंग मागे नेतात.

काढण्याआधी इंजिन एक नंबरच्या टॉपजवळ आणा, म्हणजे त्या सिलिंडरचा पिस्टन जवळजवळ सर्वांत वर. पद्मिनीत एक नंबर म्हणजे रेडिएटरकडचा सिलिंडर, मारुती ८०० मध्ये टायमिंग बेल्टकडचा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. सगळे प्लग काढले की क्रँकच्या पुलीचा नट पान्याने सहज फिरतो. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा. हवा अंगठा ढकलू लागली की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. मग पुलीची खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या अॅडव्हान्सच्या अंशावर आणा. खूण पुढे गेली तर नुसती थोडी मागे घेऊ नका. चांगली मागे नेऊन पुन्हा चालत्या दिशेने खुणेवर या, नाहीतर चेन किंवा बेल्टची ढील मापात शिरते.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. मोबाइलवर फोटो घ्या, प्लगच्या वायरींना नंबर चिकटवा. रोटरचं टोक बॉडीच्या कडेवर जिथे आहे तिथे आणि बॉडी व इंजिन यांच्या सांध्यावर व्हाइटनरची रेघ ओढा. क्लॅम्पचा बोल्ट काढून बॉडी सरळ वर खेचा. तिरक्या दात्यांचा गिअर असेल तर बाहेर येताना रोटर काही अंश फिरतो; तो जिथे थांबेल तिथे दुसरी खूण करा, कारण नवा नग घालताना रोटर या दुसऱ्या खुणेवर धरून सोडायचा असतो. अडकलेल्या बॉडीवर हातोडी मारू नये. गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर थांबावं, मग डावी-उजवीकडे फिरवत काढावी. एकदा बाहेर आली की क्रँकला हात लावायचा नाही.

नव्या नगाच्या गिअरला इंजिन ऑइल, शाफ्टच्या डोक्यातल्या नमद्याला दोन थेंब, कॅमवर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस. जास्त ग्रीस उडून पॉइंटवर बसतं आणि जळतं. खालची रबरी रिंग नवीच टाका. बॉडी शेवटचे काही मिलिमीटर बसत नसेल तर ज्या इंजिनात शाफ्टचं टोक ऑइल पंपात जातं तिथे पंपाची खाच जुळलेली नसते. ती लांब स्क्रू ड्रायव्हरने जुळवा. बोल्ट आवळून बॉडी खाली ओढली तर फ्लँज तुटतो.

आता क्रम महत्त्वाचा: आधी पॉइंटचा गॅप, मग टायमिंग. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे जातं. उलट क्रमाने केलेलं काम फुकट. पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर असताना स्वच्छ फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पट्टीने) मोजा, आकडा मॅन्युअलचा. पॉइंटऐवजी चुंबकी पिकअप (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा सेन्सर) असेल तर गेज पितळी वापरा, लोखंडी गेज चुंबकाला चिकटून माप फसवतं.

पॉइंटच्या गाडीचं टायमिंग एका १२ व्होल्टच्या बल्बने होतं. पॉइंट सेट करताना क्रँक हलवला असेल तर तो पुन्हा खुणेवर आणा. बॅटरी जोडा. बल्बचं एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, दुसरं बॉडी अर्थला, किल्ली ऑन. डिस्ट्रिब्युटर रोटरच्या दिशेने फिरवून बल्ब विझवा, मग उलट दिशेने हळूहळू फिरवा. बल्ब पेटला तो क्षण पॉइंट उघडण्याचा. तिथेच क्लॅम्प आवळा. किल्ली लगेच बंद करा, पॉइंट मिटून राहिले तर कॉइल तापते. वायरी रोटरच्या दिशेने लावा: पद्मिनीत १-३-४-२, मारुती ८०० मध्ये १-३-२.

सुरू करताना कार्बुरेटरमधून भडका आला तर रोटर अर्धा फेरा उलटा बसला आहे किंवा दोन वायरींची अदलाबदल झाली आहे. स्टार्टर उलट धक्का देत असेल तर टायमिंग फार पुढे आहे. गाडी चालते पण तापते आणि ओढत नाही, तर मागे. चढावर खडखड नॉकिंग आलं तर दोन अंश कमी करा. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकून पुलीची खूण दाखवणारा दिवा) असेल तर व्हॅक्यूमची नळी काढून, बुजवून, आयडलिंगला पाहा. मग ३००० आरपीएमपर्यंत वाढवून खूण एकसारखी पुढे सरकते का ते पाहा. ती थरथरत असेल तर नव्या नगाचं बुशही ढिलं आहे, परत करा. मिसिंग राहिलं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर जातं आणि पीयूसीत हायड्रोकार्बनचा आकडा वर चढतो.

पाचशे किलोमीटरनंतर गॅप पुन्हा मोजा. पॉइंटची नवी टाच घासून बसते, गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप मागे पडतं. जुना डिस्ट्रिब्युटर भंगारात देऊ नका. लेथवर ब्राँझचं नवं बुश बनवून तो पुन्हा उभा राहू शकतो, आणि पद्मिनीचं उत्पादन केव्हाच थांबल्यामुळे चांगली बॉडी आता सुट्या भागांपेक्षा दुर्मीळ आहे.