छज्ज्याची सळई आणि भाच्याचा जबडा

गेल्या पावसाळ्यात भाचा गाडीवरनं पडला. कुत्रं आडवं आलं, ब्रेक दाबला, गाडी सरकली, नेहमीचीच स्टोरी. हेल्मेट होतं पण ते टोपीसारखं अर्धं, हनुवटी उघडी ठेवणारं, आणि हा पडला नेमका हनुवटीच्या उजव्या बाजूवर. डोक्याला काही नाही, कोपर-गुडघे सोलवटले तेवढंच. पण मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "मामा, दात चुकीच्या जागी लागतायत."

डॉक्टर मॅडम नंतर म्हणाल्या की निम्मं निदान त्या वाक्यातच झालं होतं.

जबडा मोडलाय म्हटल्यावर नातेवाईक जमले आणि सगळ्यांचे दोनच प्रश्न. एक, प्लास्टर का नाही घालत? दोन, हाडाचं काम आहे तर दातांच्या डॉक्टरकडे का पाठवलं? खरं सांगायचं तर माझेही हेच प्रश्न होते, फक्त मी मोठ्यानं विचारले नाहीत. मी सिव्हिलवाला, पंचवीस वर्षं साइटवर गेली, हाडांचं मला काय कळणार असं वाटत होतं. आता वाचून वाचून अशी अवस्था झालीय की बायको म्हणते जबडा सोडून बोला काहीतरी.

आधी प्लास्टरचं बघू. हात मोडला की प्लास्टर घालताना वरचा आणि खालचा सांधा दोन्ही जाम करतात, मग मधलं हाड हलत नाही. खालचा जबडा म्हणजे घोड्याच्या नालासारखं वळलेलं एकच हाड, कानांपुढच्या दोन सांध्यांवर टांगलेलं, आणि खाली काय तर गळा. गळ्याला प्लास्टर घालणार का? शिवाय आवंढा तर झोपेतही गिळतो माणूस. आणि मोडल्यावर हे हाड गप्प पडून राहत नाही. गालाच्या मागच्या बाजूला बोटं ठेवून दात आवळून बघा, टणक गोळा लागेल, तो चावण्याचा स्नायू. तो मागच्या तुकड्याला वर ओढतो. हनुवटीखालचे स्नायू पुढच्या तुकड्याला खाली ओढतात. बाहेरून कितीही पट्ट्या गुंडाळा, आतली ही रस्सीखेच चालूच.

मग धरायचं कशाला? दातांना! हाडात घट्ट रोवलेले आणि तरी बाहेर डोकावणारे, असे हँडल शरीरात दुसरीकडे कुठेही नाहीत. तेराव्या शतकात इटलीत सालिचेतोचा गुल्येल्मो नावाचा सर्जन होता, त्यानं लिहून ठेवलंय की मोडलेल्या जबड्याचे दात चांगल्या जबड्याच्या दातांना बांधून टाका. वरचा जबडा कवटीला पक्का आहे, तोच फ्रेम, तोच प्लास्टर. पुढे लोक ही युक्ती विसरले आणि १८८७ साली अमेरिकेत गिल्मरनं ती परत आणली, आता तारेनं. बरीच वर्षं उपचार म्हणजे हेच, चार ते सहा आठवडे तोंड तारांनी बंद, आणि उलटी आलीच तर पटकन तारा तोडायला उशाशी कटर.

दात नुसतं हँडल नाही, मोजपट्टीसुद्धा आहे. भातातला खडा तर सोडाच, केस आला तरी जिभेआधी दातांना कळतं ना? केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. त्यामुळे हाड जागेवर बसलं का हे बघायला सर्जन आधी दात बघतो, वरचे खालचे पूर्वीसारखे बसले की हाड आपोआप जागेवर आलेलं असतं. साइटवर आम्ही ओळंबा लावतो तसं. म्हणून हे काम दातांच्या शाखेतून पुढे आलेल्या मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबडा-चेहऱ्याच्या सर्जनचं, आपल्याकडे ते बीडीएस करून वर तीन वर्षांचं एमडीएस करतात. ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी नळीसुद्धा नाकातून घातली होती, का, तर तोंडातून घातली तर दात मिटून बघता कसे येणार! मला हे फारच आवडलं.

भाच्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. काचेची बांगडी दाबली तर सहसा एका जागी मोडून थांबत नाही, तसंच हे, म्हणून एक फ्रॅक्चर दिसलं की डॉक्टर दुसऱ्या बाजूचं शोधतात. याचं उजवीकडे सुळ्याच्या पुढे एक आणि डावीकडे मागच्या कोपऱ्यात एक, जिथे अक्कलदाढ हाडातच आडवी झोपली होती. दाढेनं जागा खाल्ली की तेवढं हाड कमी, भिंतीत कन्सील पाइपसाठी झिरी मारल्यासारखं. सरळ हनुवटीवर आपटला असता तर कदाचित कानापुढचे दोन्ही सांधेच मोडले असते. परेडमध्ये उभे सैनिक चक्कर येऊन तोंडावर पडतात तेव्हा असं होतं म्हणून इंग्रजीत त्या फ्रॅक्चरला गार्ड्समनचं नाव आहे.

आता माझ्या लाडक्या भागाकडे येतो.

मॅडमनी ऑपरेशननंतरचा एक्स-रे दाखवला. पुढच्या फ्रॅक्चरवर टायटॅनियम धातूच्या दोन बारक्या प्लेटा, एकीखाली एक. मागच्या कोपऱ्यावर फक्त एक, आणि तीही हाडाच्या वरच्या कडेला! मी म्हटलं, मॅडम, खालची कड जाड आणि दणकट दिसतेय, प्लेट तिथे नको का? त्या हसल्या, विचारलं तुम्ही काय करता. सिव्हिल म्हटल्यावर म्हणाल्या, "मग गॅलरीची सळई कुठे घालता?"

आणि डोक्यात लख्ख उजेड पडला.

साध्या बीमचे दोन्ही टोकांना आधार असतात, वजन आलं की तो खाली वाकतो, खालची बाजू ताणली जाते, वरची दाबली जाते. काँक्रीट दाब हवा तेवढा घेतं पण ताणाला लगेच तडकतं, म्हणून ताणाच्या बाजूला सळई, म्हणजे बीममध्ये मुख्य सळई खाली. पण गॅलरी किंवा छज्जा एकाच बाजूनं धरलेला, टोक मोकळं. टोकावर वजन आलं की भिंतीजवळ वरची बाजू ताणली जाते. तिथे सळई वर पाहिजे. माझ्या पहिल्याच साइटवर छज्ज्याचं सेंट्रिंग, म्हणजे खालचा तात्पुरता आधार, काढलं आणि तो भिंतीजवळ वरून तडकून सगळा खाली वाकला. सळई बांधली बरोबर होती, पण खाली चेअर, म्हणजे सळई उचलून धरणारे टेकू, लावले नव्हते, काँक्रीट ओतताना माणसं जाळीवर पाय देऊन फिरली आणि वरची सळई तळाला जाऊन बसली. लोखंड तेवढंच, जागा चुकली.

जबड्याचा कोपरा म्हणजे छज्जाच आहे. मागून स्नायूंनी वर धरलेला, पुढे दातांवर घासाचा रेटा खाली. मधे मोडलं असेल तर फट वरच्या कडेला उघडते आणि खालच्या कडेला मिटते. पूर्वी मोठ्या जाड प्लेटा खालच्या कडेला लावायचे, कारण वर दातांची मुळं, मधून खालच्या ओठाकडे जाणारी नस, लांब स्क्रू मारायला जागाच नाही. पण मग वरची फट उघडू नये म्हणून प्लेट जाडच्या जाड घ्यावी लागायची. १९७३ साली फ्रान्समध्ये बोर्दोच्या मिशलेनं छोट्या प्लेटा वापरून दाखवल्या आणि त्याच दशकात स्ट्रासबर्गच्या मॅक्सिम शांपीनं त्या नेमक्या कुठे लावायच्या त्या रेघाच आखून दिल्या. प्लेट जेमतेम मिलिमीटरभर जाड, स्क्रू दोन मिमी व्यासाचे आणि इतके आखूड की हाडाच्या बाहेरच्या कवचातच थांबतात, मुळांना धक्का नाही. ताणाच्या बाजूला असल्यामुळे एवढीशी प्लेट पुरते. दाबाच्या बाजूला हाडाला हाड टेकलेलं असतं, तो भार हाड स्वतः घेतं, काँक्रीट घेतं तसाच.

मग पुढे दोन का? कारण हनुवटीपाशी डावी-उजवी बाजू हाडाला पिळतात, ओला टॉवेल पिळतो तसं. नुसतं वाकणं असेल तर एक प्लेट भागवते, पीळ असेल तर एकीभोवती तुकडे फिरतील, म्हणून थोडं अंतर सोडून दुसरी.

हे सगळं तुकडे एकमेकांना नीट टेकतात तिथेच लागू. चुरा झाला असेल किंवा मधलं हाडच गेलं असेल तर दाब घ्यायला कोणी उरत नाही, मग लांब जाड प्लेटच लागते. आणि माणूस मोडलेल्या बाजूच्याच दाढेनं चावला तर ताण खालच्या कडेलाही येऊ शकतो, त्यामुळे कोपऱ्यावर एक पुरे की दोन हा वाद सर्जन लोकांत अजून चालू असतो. धडधाकट पुरुषाच्या दाढेखाली साठ-सत्तर किलो वजनाइतका जोर येतो, म्हणून सहा आठवडे चावायचं नाही असं बजावतात.

थोडी आकडेमोड, कंटाळा आला तर हा पॅरा सोडा. फट १ मिमी असेल आणि तुकडे अर्धा मिमी हलत असतील तर फटीत भरणाऱ्या पेशींना ५०% स्ट्रेन बसतो, म्हणजे मूळ मापाच्या निम्मी ओढाताण. स्टीफन पेरेन या स्विस संशोधकाचं म्हणणं असं की जखम भरायला आलेला मऊ लालसर मांसल थर १००% पर्यंत सहन करतो, कूर्चा साधारण १०%, पक्कं हाड फक्त २%. म्हणजे जास्त हललं की हाड बनायला तयारच होत नाही, तिथे मऊ भरणंच राहतं. बरोबर बसवलं आणि हलू दिलं नाही तर हाड खाणाऱ्या पेशी पुढे बोगदा पाडत फटीपलीकडे जातात आणि मागून हाड घालणाऱ्या पेशी अस्तर करत येतात, टनेल बोअरिंग मशीनच!

बाकी चेहरा म्हणजे आरसीसी फ्रेमची बिल्डिंग. नाकाशेजारून आणि गालाच्या हाडातून वर जाणारे कॉलम, मधल्या भिंती कागदासारख्या. रने ल फोर नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९०१ साली मृतांची डोकी दंडुक्यानं ठोकून, कडेवर आपटून दाखवलं की चेहरा ठरावीक तीन रेघांवरच कवटीपासून सुटतो, आणि प्लेटा लावायच्या त्या कॉलमवर. डोळ्याखालचा पातळ स्लॅब फुटला तर डोळ्याचा स्नायू फटीत अडकून एकाचे दोन दिसतात, लहान मुलांत तर डोळा बाहेरून पांढराशुभ्र दिसतो आणि मूल नुसतं उलट्या करत असतं, लोकांना पोटाचं दुखणं वाटतं. यात घाई करावी लागते. नाकाचं उलट, सूज उतरेपर्यंत थांबतात पण फार उशीर नाही, आठ-दहा दिवसांत सरळ करतात.

शेजारच्या काकांनी कांडवेल आणून दिली, आणि गावाकडच्या हाडवैद्याचा नंबर. वेल दुधातून घेतल्यानं हाड बनायला मदत होते का हा वेगळा विषय, पण कुठलीही वेल पोटात जाऊन दोन तुकडे जागेवर आणत नाही, स्नायू त्यांना उलट्या दिशांना ओढतायत. वाकडं जुळलं तर पुन्हा तोडून बसवावं लागतं. आणि दात असलेल्या भागातलं फ्रॅक्चर बहुतेक वेळा हिरडीतून तोंडात उघडं असतं, म्हणजे लाळेतले जंतू थेट हाडात. इजिप्तच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या पपायरसमध्ये, म्हणजे जुन्या हस्तलिखितात, जखम उघडी, ताप आलेला, अशा जबड्यापुढे वैद्यानं सरळ लिहिलंय, यावर उपचार करायचा नाही. लगेच दुसऱ्या काकांचा व्हॉट्सॲप, की आपल्या सुश्रुतानं प्लेटा तेव्हाच शोधल्या होत्या! सुश्रुतसंहितेत जबड्याचा सांधा निखळला तर शेकून, बसवून पंचांगी बंध (पट्टी बांधायचा एक प्रकार) बांधा असं स्वच्छ लिहिलंय, आणि ते आजही पटण्यासारखं आहे. त्यात टायटॅनियम कशाला घुसवायचं? काका रुसले ते वेगळंच. तंबाखू मात्र सोडायला लावली भाच्याला, मॅडमनी ओरडून, त्यानं रक्तपुरवठा आवळला जातो आणि प्लेटेपाशी पू होतो.

टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे पुढे एमआरआय करता येईल का या ताईच्या प्रश्नाचं उत्तर हो, फक्त प्लेटेजवळ चित्र थोडं डागाळतं. हे धातू हाडात तसेच राहू देतात, त्रास झाला तरच काढतात.

ताईनं सहा आठवडे पेज, ताक, पातळ खिचडी मिक्सरमधून काढून दिली, तरी पाच किलो उतरला. आता दात पहिल्यासारखे बसतात, पेरू अजून कापूनच खातो. उजव्या बाजूचा खालचा ओठ मात्र बधिर आहे, ती नस फ्रॅक्चरच्या जागेजवळूनच बाहेर येते आणि नसा वाढतात दिवसाला साधारण एक मिलिमीटर. चहा पिताना एक थेंब हनुवटीवरून खाली ओघळतो, त्याला पत्ताच नसतो. ताई समोरून नुसती स्वतःच्या हनुवटीला बोट लावते, मग तो पुसतो.