व्हिक्टोरियन व्हिकरेज: वारशाचे मोल कुठे शोधायचे?

इंग्लंडमधल्या जुन्या व्हिकरेजची, म्हणजे पाळकाच्या घराची, पाहणी बहुतेकदा दर्शनी भागापासून सुरू होते: टोकदार कमानी, उंच धुरांडी, दगडी चौकटी. या घरांच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या पाळकाचे घर हे कुटुंबाचे बिऱ्हाड होते आणि पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची, कचेरीही. म्हणून त्याचे खरे मोल खोल्यांच्या मांडणीत आणि शेजारच्या चर्चशी असलेल्या नात्यात शोधावे लागते.

अठराव्या शतकात अनेक पाळक आपल्या पॅरिशमध्ये राहतच नसत. एकाच्या हाती दोन-तीन पॅरिशचे उत्पन्न असे आणि प्रत्यक्ष काम तुटपुंज्या पगारावरचा क्युरेट, म्हणजे सहायक पाळक, करी. राहण्याजोगे घर नाही, ही सबबही पुष्कळदा खरी असे. १७७६ च्या गिल्बर्ट कायद्याने यावर उपाय काढला. पदाचे उत्पन्न गहाण ठेवून, दोन वर्षांच्या निव्वळ उत्पन्नाइतके कर्ज घर बांधायला किंवा दुरुस्त करायला काढता येऊ लागले. १७०४ पासून चालत आलेला ‘क्वीन अ‍ॅन्स बाउंटी’ हा निधी असे कर्ज देई. पुढे १८३८ च्या कायद्याने पॅरिशमध्ये राहण्याची सक्ती आणि एकाहून जास्त पदे धरण्यावरचे निर्बंध कडक केले. राणी व्हिक्टोरियाच्या काळात गावोगावी नवी व्हिकरेज उभी राहिली, त्यामागे हे मोठे कारण आहे.

कर्जासाठी आराखडा आणि खर्चाचा अंदाज बिशपकडे सादर करावा लागे. ही कागदपत्रे आज अनेक जिल्हा अभिलेखागारांत धर्मप्रांताच्या दप्तरात सापडतात. एवढ्या साध्या घरांचे मूळ नकाशे हाती लागणे हे संशोधकाचे भाग्यच. म्हणून अशा घराच्या वारसामूल्याचा अहवाल लिहिणाऱ्याने आधी दप्तर पाहावे, मग घर. मूळ नकाशा आजच्या मोजणीवर ठेवला की कोणती भिंत नंतरची आणि कोणते दार बुजवलेले, ते लगेच कळते.

नकाशात पहिल्यांदा अभ्यासिका शोधावी. ती बहुधा प्रवेशद्वाराजवळ असते आणि पुष्कळ घरांत तिला बाहेरून वेगळी वाट असते. लग्नाची नोंद, दफनाची व्यवस्था, मदतीची याचना अशा कामांसाठी येणाऱ्यांना घरच्या माणसांमधून जावे लागू नये, हा हेतू. स्वयंपाकघर आणि नोकरांचा जिना घराच्या वेगळ्या भागात असतो. पुढे घराचे फ्लॅट करताना सर्वांत आधी अभ्यासिकेचे हेच दार विटांनी बुजते. त्याबरोबर घराचा अर्थही बुजतो, आणि हे नुकसान रंगीत काच फुटण्यापेक्षा मोठे आहे.

वास्तुकलेच्या इतिहासातही या घरांना मानाचे स्थान आहे. वास्तुकार विल्यम बटरफिल्डने १८४०च्या दशकात ग्लॉस्टरशायरमधल्या कोलपिट हीथला चर्चसोबत व्हिकरेज बांधले. समतोल दर्शनी भागाचा हट्ट सोडून, आतल्या खोलीला हवी तिथे आणि हवी तेवढी खिडकी त्याने दिली. वास्तुकार जॉर्ज एडमंड स्ट्रीटची व्हिकरेजही याच वळणाची. त्याच्या कचेरीत काम केलेल्या फिलिप वेबने १८५९ मध्ये कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिससाठी ‘रेड हाउस’ हे घर आखले. त्याची मुळे या पाळकघरांत आहेत. बटरफिल्डचे काम मुंबईतही पाहता येते: कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या अंतर्भागातील फरशा आणि बाके त्याच्या आराखड्यानुसार आहेत.

दुरुस्तीचा इतिहासही भिंतींवर वाचता येतो. १८७१ च्या कायद्यानुसार पाळकाचे पद रिकामे झाले की सर्वेक्षक घर तपासे आणि पडझडीचा खर्च जाणाऱ्या पाळकाकडून, तो वारला असल्यास त्याच्या मालमत्तेतून, वसूल होई. एकेका विधवेवर हा भार फार जड पडे. विसाव्या शतकात नोकर आणि कोळसा परवडेनासा झाला आणि चर्चने ही घरे मोठ्या संख्येने विकली. कित्येक ठिकाणी बागेचा तुकडा तोडून तिथेच लहान व्हिकरेज बांधले गेले. चर्चकडे जाणारी पाऊलवाट आणि फाटक अशा वेळी हमखास नाहीसे होते.

कायद्याची एक बाजू अनेकांच्या लक्षात येत नाही. वापरात असलेल्या चर्चच्या इमारतीला बदलांच्या संमतीतून मिळणारी धार्मिक सवलत पाळकाच्या राहत्या घराला लागू नाही. १९९० च्या नियोजन कायद्यात हे स्पष्ट आहे, त्यामुळे सूचीबद्ध (संरक्षित वारसा इमारतींच्या सूचीतल्या) व्हिकरेजमध्ये स्वरूपाला धक्का लावणाऱ्या बदलासाठी स्थानिक नियोजन प्राधिकरणाची संमती लागते. सूचीतले संरक्षण आतल्या भागालाही असते, आणि १ जुलै १९४८ पूर्वीपासून आवारात असलेल्या तबेल्याला किंवा कुंपणभिंतीलाही.

प्रत्यक्ष हानी मात्र बहुधा साध्या चुकांतून होते. मऊ दगडाच्या चुन्यातल्या दरजा सिमेंटने भरल्या की ओल दरजेतून बाहेर पडत नाही. ती दगडातून निघते, क्षार पृष्ठभागाखाली साचतात, थंडीत पाणी गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. अशा भिंतीत सिमेंट दगडाला इजा न करता हाताने काढून चुन्याचाच मसाला भरावा. अनेक त्रिकोणी शिखरांच्या छपरात मधल्या शिशाच्या पन्हळी पाने साचून तुंबतात आणि पाणी थेट तुळयांच्या टोकांवर उतरते. पानगळ संपल्यावर एकदा आणि वसंतात पुन्हा एकदा त्या साफ कराव्यात. बंद केलेल्या शेकोटीला हवेची जाळी ठेवावी. नाहीतर धुरांड्यातली ओल काजळीसह भिंतीवर तपकिरी डाग होऊन उमटते.