चेंडू थांबला, मग ऊर्जा कुठे गेली?

टेनिसचा चेंडू हातातून सोडला की जमिनीवर आपटतो, उसळतो, पुन्हा आपटतो आणि काही टप्प्यांनंतर शांत होतो. प्राथमिक शाळेतल्या मुलांना ऊर्जा शिकवायची तर सुरुवात इथून करावी. बहुतेकदा ती उलट्या टोकाने होते. आधी 'कार्य करण्याची क्षमता' ही व्याख्या, मग उष्णता, प्रकाश, ध्वनी, वीज अशी रूपांची यादी, आणि सर्वांत शेवटी 'ऊर्जा नष्ट होत नाही' हे वाक्य. मूल ते पाठ करते आणि समोर निपचित पडलेला चेंडू बघून मनात म्हणते, नष्ट झाली की! ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर द्यायला मोजपट्टी, वाळू आणि एक तापमापी पुरते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. बोलताना आपण बळ, ताकद, शक्ती आणि ऊर्जा एकाच अर्थाने वापरतो. विज्ञानात ढकलणे किंवा ओढणे म्हणजे बल. बल लावल्यावर वस्तू हलली, तर एकीकडची ऊर्जा दुसरीकडे गेली. ती किती झपाट्याने गेली, ते शक्ती सांगते. भिंत कितीही रेटली तरी ती हलत नाही, म्हणून तिला काही मिळत नाही. (रेटणाऱ्याचे स्नायू मात्र ऊर्जा खर्च करतात. ती अंग तापण्यात जाते.)

ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. १०० ग्रॅमची वस्तू १ मीटर उचलायला जवळजवळ १ ज्यूल लागतो. छोट्या हलक्या बाटलीत १०० मिलिलिटर पाणी भरून मुलांना ती गुडघ्यापासून डोक्यापर्यंत उचलायला सांगा. ज्यूल हाताला कळतो. मग सांगा की १० वॅटचा दिवा दर सेकंदाला १० ज्यूल घेतो, म्हणजे सेकंदात दहा वेळा बाटली वर न्यायला हवी. हे कुणालाच जमत नाही, आणि वॅट म्हणजे काय हे तिथेच समजते.

आता चेंडू. भिंतीवर जमिनीपासून १०० सेंटिमीटरपर्यंत खुणांची पट्टी चिकटवा. जमीन टणक हवी. गालिच्यावर किंवा मातीवर आकडे भलतेच येतात. चेंडू फेकायचा नाही, बोटे नुसती उघडायची, कारण खाली दिलेला थोडासा झटकासुद्धा जास्तीची ऊर्जा देतो. उंची प्रत्येक वेळी चेंडूच्या खालच्या कडेपासूनच मोजायची. सोडताना खालची कड आणि उसळल्यावर वरची कड पाहिली तर चेंडूच्या व्यासाइतकी, सहा-सात सेंटिमीटरची चूक होते. मुले ही चूक हमखास करतात. वाचणाऱ्याचे डोळे उसळीच्या उंचीला हवेत. उभ्याने खाली वाकून पाहिले की आकडा चुकतो. मोबाइलवर संथगती चित्रफीत घेता आली तर उत्तम. पाच वेळा करा, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा सोडा आणि उरलेल्या तिघांची सरासरी काढा.

टेनिसच्या नियमांनुसार नेहमीच्या प्रकारचा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून सोडल्यावर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. त्याच प्रमाणात १ मीटरवरून सोडलेला चांगला चेंडू साधारण ५५ सेंटिमीटर उसळेल. जुना चेंडू बराच कमी. पुढची उसळी ५५ च्या ५५ टक्के, म्हणजे ३० सेंटिमीटर, मग सुमारे १७, मग ९. प्रत्येक टप्प्याला ठरावीक सेंटिमीटर जात नाहीत, ठरावीक हिस्सा जातो. पुढची उसळी मुलांना आधी वर्तवू द्या आणि मग मोजू द्या.

याचा हिशोब ज्यूलमध्ये मांडू. चेंडूचे वजन सुमारे ५८ ग्रॅम. १ मीटरवर त्याच्याकडे सुमारे ०.५७ ज्यूल आहेत आणि पहिल्या उसळीच्या टोकाला ०.३१. मधले पाव ज्यूल कुठे गेले? 'टप्' आवाजात त्यातला अगदी किरकोळ भाग जातो. आपटताना चेंडू चेपतो आणि पुन्हा फुगतो. या चेपण्यात रबराच्या कणांची आपसांत घासाघीस होते आणि बहुतेक ऊर्जा उष्णता बनते. चेंडू गरम झाला का म्हणून मुले हात लावून पाहतील, आणि काहीच जाणवणार नाही. पाव ज्यूलने चेंडूचे तापमान एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकेही चढत नाही. म्हणून उत्तर नुसते सांगून भागत नाही. उष्णता साठेल असा प्रयोग हवा.

तो वाळूचा. झाकण घट्ट बसणारी प्लास्टिकची बरणी घ्या, काचेची नको. त्यात २०० ग्रॅम कोरडी वाळू घाला, पण बरणी अर्ध्याहून जास्त भरू नका, नाहीतर वाळूला हलायला जागा राहत नाही. बरणी आणि वाळू तासभर एकाच खोलीत ठेवा. तापमापीचे टोक वाळूत तीनेक सेंटिमीटर खोचा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, लिहून घ्या आणि तापमापी बाहेर काढा. बरणी जाड टॉवेलात गुंडाळून पाच मिनिटे जोरात हलवा. मुलांनी पाळीपाळीने हलवावी. लगेच तापमापी वाळूत तेवढीच खोल खोचून पुन्हा मोजा. पारा किंवा आकडा एक-दोन अंश चढलेला दिसतो.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, तापाची तापमापी वापरली जाते. ती ३५ अंशांच्या खाली काहीच दाखवत नाही, म्हणून प्रयोगशाळेतली घ्यावी. दुसरी चूक अधिक महत्त्वाची आहे. ऊब हातांचीही असू शकते. म्हणून तशीच दुसरी बरणी, तशाच टॉवेलात, पाच मिनिटे नुसती धरून बसायची. तिचा आकडा चढलाच तर तो पहिल्यातून वजा करायचा. 'दुसरी बरणी कशाला?' असे एखाद्या मुलाने विचारले तर घाईने उत्तर देऊ नका. वर्गालाच ते शोधू द्या.

हेच मोजमाप इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स प्रेस्कॉट ज्यूल (ज्यूल हे एकक त्यांच्याच नावाचे) यांनी १८४० च्या दशकात फार काटेकोरपणे केले. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली वल्ही फिरवली आणि पाणी किती तापले ते पाहिले. तापमानातला फरक एका अंशाहून कमी होता, आणि तोच त्यांनी टिपला. आज आपल्याला माहीत आहे की १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला ४.१८ ज्यूल लागतात. या आकड्याचा अर्थ जिन्यावर लावून पाहा. २५ किलोचे मूल ३ मीटरचा एक मजला चढते, तेव्हा त्याच्या उंचीत सुमारे ७३५ ज्यूल साठतात. २०० मिलिलिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला जवळपास ६३,००० ज्यूल लागतात. म्हणजे पेलाभर पाण्यासाठी ८५ मजले! हालचालीची ऊर्जा उष्णतेत गेली की ती हाताला का लागत नाही, हे या आकड्यात दडले आहे.

मग एखादे चौकस मूल विचारतेच, 'ऊर्जा नष्ट होत नाही, तर मग वाचवायची कशाला?' या प्रश्नाला टाळाटाळ करू नये. उंचावरच्या चेंडूत ऊर्जा एकवटलेली असते, सारा चेंडू एकाच दिशेने पडतो. आपटल्यावर तीच ऊर्जा असंख्य कणांच्या वाट्याला येते आणि ते वाटेल त्या दिशेने थरथरतात. बेरीज तेवढीच राहते, पण तिच्याकडून काम करून घेता येत नाही. दिव्याच्या बॅटरीतली ऊर्जाही अशीच शेवटी खोलीच्या भिंती नकळत कोमट करते, आणि त्या उबेवर दिवा पुन्हा लागत नाही.

चेंडूची चित्रफीत घेतली असेल तर ती मुलांना उलटी दाखवा. आधी एकाच उसळीचा तुकडा लावा. तो सुलटा की उलटा, हे ओळखणे अवघड जाते. मग पूर्ण चित्रफीत लावा. जमिनीवर स्वस्थ पडलेला चेंडू आपोआप थरथरू लागतो, प्रत्येक टप्प्याला अधिक उंच जातो आणि शेवटी हातात येऊन बसतो. मुले हसतात. हसू ओसरल्यावर विचारा, नेमके काय चुकीचे दिसले?