शेजवान, सिच्वान आणि मधलं तिरफळ

शेजवान काय असतं हे महाराष्ट्रात कोणाला सांगायची गरज नाही. सुक्या लाल मिरच्या भिजवून वाटायच्या, सढळ तेलात लसूण आणि आलं परतायचं, त्यात वाटण, मग सोया सॉस, व्हिनेगर, मीठ, साखर. स्टेशनबाहेरच्या चायनीजच्या गाडीवर ट्रिपल शेजवान राइस, उडप्याकडे शेजवान डोसा, घरच्या फ्रिजमध्ये चटणीची बाटली. हे सगळ्यांना पाठ आहे.

शेजवान हे नाव ज्यावरून आलं तो सिच्वान हा चीनच्या नैर्ऋत्येचा प्रांत. चेंगदू ही त्याची राजधानी. खाद्यसंस्कृतीसाठी युनेस्कोने २०१० मध्ये गौरवलेलं शहर. घोळ सुरू होतो तो पुढच्या वाक्यापासून: ‘खरं सिच्वान म्हणजे आपलं शेजवानच, फक्त जास्त तिखट.’ जेवणावर लिहिणारे हे लिहितात, मोठ्या हॉटेलातले वेटर हेच सांगतात आणि मेन्यूत पदार्थापुढे तीन मिरच्या छापल्या की काम झालं असं मालकाला वाटतं. हे साफ चूक आहे. कोल्हापूर-साताऱ्याकडचा ठेचा सिच्वानच्या कित्येक पदार्थांपेक्षा तिखट असतो. फरक तिखटाच्या पायरीत शोधलात तर तो कधीच सापडणार नाही.

फरक आहे जिभेला येणाऱ्या मुंग्यांचा. सिच्वानी स्वयंपाकाच्या एका मोठ्या घराण्याला ‘मा-ला’ म्हणतात. ‘ला’ म्हणजे तिखट, आणि ते मिरचीतून येतं. ‘मा’ म्हणजे बधिरपणा, आणि तो येतो हुआज्याओतून. हुआज्याओ म्हणजे एका काटेरी झाडाची वाळलेली, उकललेली फळं. आतली काळी बी टाकून देतात, टरफल वापरतात. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून तोंड भाजतं. हुआज्याओतलं सान्शूल स्पर्श आणि कंप ओळखणाऱ्या तंतूंवर काम करतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये लोकांच्या ओठांना हुआज्याओ लावून ती थरथर बोटावरच्या यांत्रिक कंपनाशी जुळवायला सांगितली. उत्तर आलं सेकंदाला साधारण ५० कंपनं. ओठ हलत नसतात, पण मेंदूला ते हलताहेत असं कळवलं जातं. ही चव मिरची दुप्पट केल्याने येत नाही, चौपट केल्यानेही येत नाही.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण ही संवेदना मराठी जिभेला परकी नाही. बांगड्याच्या तिखल्यात पडणारं तिरफळ हे हुआज्याओचं सख्खं चुलत भावंड आहे. दोघंही झँथोझायलम या एकाच कुळीतली, लिंबू-संत्र्याच्या मोठ्या परिवारातली. कोकणात आणि गोव्यात सुकं तिरफळ बी काढून, जरासं ठेचून आमटीत सोडतात. चुकून दाताखाली आलं तर ओठाला जी झिणझिण होते, तिचाच ‘मा’ हा थोरला अवतार. दोघांचा गंध मात्र निराळा: तिरफळाला उग्र, लाकडी वास आणि हुआज्याओला लिंबाच्या सालीची झाक. ज्याच्या घरी मालवणी जेवण होतं त्याला मा-ला समजावायला दोन मिनिटं पुरतात. तरीही आम्ही तीन मिरच्या छापत बसतो.

दुसरा फरक दोबानज्यांगचा. बाकल्याचे दाणे, मिरची आणि मीठ मोठ्या मातीच्या रांजणांत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, उन्हात आंबवून हा ठेचा तयार होतो. चेंगदूजवळच्या पीशियानचा नावाजलेला. मापो तोफू या तिथल्या प्रसिद्ध तोफूच्या रश्श्याचा लाल तवंग गरम तेलात हाच परतून येतो. शेजवान चटणी एका दुपारीत होते, तिच्यात आंबवलेलं असं काही असलंच तर बाटलीतला सोया सॉस आणि व्हिनेगर. शेजवानच्या चवीला खोली कमी वाटते ती यामुळे.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. स्पेलिंग कसंही असो. कॉर्नफ्लॉर दोन्हीकडे थोडंफार असतं. आणि सिच्वानचं सगळंच जेवण तिखट असतं हेही खरं नाही. चहाच्या धुरावर केलेलं बदक आणि निवळ रश्शातला कोबी हे तिथलेच मानाचे पदार्थ.

मुंबईत हे जेवण १९७० च्या दशकात ताजमहाल हॉटेलातल्या गोल्डन ड्रॅगनमधून आलं. तिथून गाडीपर्यंत उतरताना हुआज्याओ गळालं, मिरची-लसूण उरलं, आणि गाडीवाल्यांनी त्यातून स्वतःचा पदार्थ उभा केला. त्याला नकली म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. मोठ्या आचेवर, डोळ्यांसमोर कढई उडवत केलेला शेजवान राइस हे मुंबईचं अस्सल अन्न आहे आणि मी तो आवडीने खातो. माझा राग आहे तो गालिचा अंथरलेल्या जागांवर. तिथे मेन्यूत ‘सिच्वान’ लिहितात, गाडीवरचीच चटणी केचपने गोड करून वाढतात आणि दर दहापट लावतात. गाडीवाला निदान जे लिहितो तेच वाढतो.

तेव्हा महागड्या ठिकाणी बसलात तर आधी मापो तोफू मागवा. नूडल्स नकोत, त्यात सगळं लपतं. वर लाल तेल सुटलेलं हवं, तोफू मऊ हवा, तळलेला नको, आणि वरून भुरभुरलेली तपकिरी पूड दिसायला हवी. तीनचार घासांत ओठ झिणझिणले नाहीत तर वेटरला सरळ विचारा, ‘हुआज्याओ घातलंय का?’ काही आचारी गिऱ्हाईक बिचकेल म्हणून ते मुद्दाम वगळतात आणि मागितलं की आनंदाने घालतात. घरी करणार असाल तर टरफलं कोरड्या तव्यावर मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा, कुटा, चाळा आणि गॅस बंद केल्यावर घाला. आधीच दळलेली पूड विकत घेऊ नका, तिचा जोर फार लवकर उतरतो. हुआज्याओ मिळालंच नाही तर बी काढलेलं तिरफळ घ्या, पण अगदी बेताने, नाहीतर कडवटपणा उतरेल.