गाभा हलका करताना

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत दुकानाचं सॉफ्टवेअर घ्या. हळदीचा सौदा झाला की पोती, वजन आणि दर टाकायचे. हमाली, तोलाई, अडत, सेस, कर हे सगळं जागच्या जागी बसून पट्टी छापून येते. सगळी आकडेमोड एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबलेली असते आणि ती चालतेही छान. नियम बदलला की पंचाईत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा कराचा हिशोब ज्यांच्या गाभ्यात मुरलेला होता, त्यांना करापायी अख्खं सॉफ्टवेअर उसवावं लागलं.

उपाय म्हणजे कर बाहेर काढून त्याचं प्लगइन, म्हणजे मूळ प्रोग्रॅमला बाहेरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, करायचं. मूळ प्रोग्रॅम ठरावीक टप्प्यावर थांबून विचारतो, इथे कुणाला काही करायचंय का? आधी नाव नोंदवून ठेवलेलं प्लगइन पुढे येतं, हिशोब करतं आणि आकडा परत देतं. या टप्प्यांना ‘हुक’ म्हणतात.

कोड उचलून बाहेर ठेवणं त्यातल्या त्यात सोपं. पण इतकी वर्षं त्या भागाच्या जिवावर आणखी कोण कोण चाललंय, हे कुठेच लिहिलेलं नसतं. महिनाअखेरचा अहवाल परस्पर कराच्या तक्त्यात हात घालत असतो, आणि हे कळतं अहवाल कोरा आल्यावर.

प्रोग्रॅमरांनी लिहिलेला कोड आपोआप जुळवून तपासणाऱ्या जेन्किन्स या साधनाने यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. सबव्हर्जन, सीव्हीएस (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी साधनं) आणि मेव्हन (कोड जुळवणारं साधन) यांच्यासाठीच्या सोयी पूर्वी त्याच्या गाभ्यातच होत्या. पुढे त्यांची प्लगइन झाली. पण जुनी प्लगइन त्या सोयी गाभ्यात आहेतच असं धरून लिहिलेली. म्हणून कोणता भाग कोणत्या आवृत्तीला वेगळा झाला, याची यादीच जेन्किन्सने गाभ्यात ठेवली. फारकतीच्या आधीच्या गाभ्यासाठी लिहिलेलं प्लगइन दिसलं, की वेगळा झालेला भागही त्याला लागतो असं धरलं जातं, त्याने मागितला नसला तरी! याची किंमतही आहे म्हणा. ज्याला त्या भागाची काडीची गरज नाही, अशा जुन्या प्लगइनलाही तो वागवावा लागतो.

वेबसाइट बनवण्याच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरने वेगळी वाट धरली. डिसेंबर २०१२ च्या ३.५ आवृत्तीत त्यांनी दुवे सांभाळणारी सोय नव्या साइटवर दाखवणं बंद केलं आणि हवी असणाऱ्यांसाठी प्लगइन दिलं. ज्यांच्याकडे आधीचे दुवे होते, त्यांची सोय मात्र होती तशीच राहिली. फायरफॉक्स या ब्राउझरने नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७ व्या आवृत्तीत जुन्या पद्धतीची ॲड-ऑन (ब्राउझरची प्लगइनच) सरसकट बंद केली. ती ब्राउझरच्या आतड्यापर्यंत पोचत असल्याने आत काही बदलायची सोयच उरली नव्हती. निर्णय बरोबर होता असं माझं मत. पण अनेकांची आवडती ॲड-ऑन त्यात कायमची गेली.

अडत दुकानात खरी मेख जुन्या पट्ट्यांची. गेल्या हंगामातली पट्टी आज पुन्हा छापली आणि नव्या प्लगइनने पैशांची गोळाबेरीज वेगळी केली, तर शेतकऱ्याच्या हातातल्या कागदाशी ती जुळणार नाही. तेव्हा कराचा हिशोब प्लगइनमध्ये हलवण्याआधी प्रत्येक जुन्या पट्टीवरचा कराचा आकडा आकडा म्हणूनच साठवून ठेवायचा. प्लगइनने हिशोब करायचा तो फक्त नव्या सौद्यांचा.