कार्लाइलची शाळा आणि ३० सप्टेंबरचे स्मरण : पार्श्वभूमी

सरकारी आणि चर्चच्या निवासी शाळांमध्ये पाठवल्या गेलेल्या मूलनिवासी मुलांचे स्मरण कॅनडात आणि अमेरिकेत ३० सप्टेंबर रोजी केले जाते. कॅनडात या दिवसाला २०२१ पासून राष्ट्रीय स्मरणदिनाचा दर्जा असून तेथील शाळांविषयी जगभर बरेच लिहिले गेले. मात्र या शाळांची आखणी करण्यापूर्वी कॅनडा सरकारने १८७९ मध्ये निकोलस डेव्हिन यांना अमेरिकेतील शाळा पाहून येण्यासाठी धाडले होते, आणि त्याच वर्षी पेन्सिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल येथे, लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये, पुढे अनेक शाळांचा नमुना ठरलेली शाळा सुरू झाली, ही गोष्ट सहसा मागे पडते.

मूलनिवासींना ‘सुधारण्याची’ कल्पना तेव्हा नवी नव्हती. अमेरिकी काँग्रेसने १८१९ मध्येच कायदा करून त्यासाठी वर्षाला १०,००० डॉलर मंजूर केले होते व ते मुख्यतः मिशनऱ्यांच्या हाती गेले. कार्लाइलचे वेगळेपण असे की मुलांना वस्तीपासून शेकडो कोस दूर नेऊन ठेवणे हाच तेथे शिक्षणाचा पाया मानला गेला. शाळेचे संस्थापक रिचर्ड हेन्री प्रॅट हे लष्करी अधिकारी होते. फ्लोरिडातील फोर्ट मॅरियन किल्ल्यात १८७५ ते १८७८ या काळात शायान, कायोवा, कोमांची आदी जमातींचे सत्तरहून अधिक युद्धकैदी त्यांच्या ताब्यात होते. या कैद्यांचे केस कापून, त्यांना गणवेश देऊन आणि इंग्रजी शिकवून त्यांनी जो प्रयोग केला, तोच पुढे मुलांवर केला. ‘मूलनिवासीपण मारा आणि माणूस वाचवा’ या आशयाचे त्यांचे १८९२ मधील भाषण कुप्रसिद्ध आहे. परंतु मूलनिवासींना ठारच करावे असे उघड म्हणणाऱ्यांच्या तुलनेत प्रॅट त्या काळी उदारमतवादी गणले जात, हे लक्षात घेतल्यावाचून या धोरणाला एवढा पाठिंबा कसा मिळाला ते कळत नाही.

पहिली मुले कोठून आणावयाची, हा निर्णयही शैक्षणिक नव्हता. प्रॅट यांना रोझबड आणि पाइन रिज येथील लकोटा वस्त्यांवर पाठवण्यात आले, कारण या जमातींशी नुकतीच युद्धे झाली होती आणि त्यांची मुले सरकारपाशी असली की पालक शांत राहतील, असा वरिष्ठांचा हिशेब होता. साध्या भाषेत यालाच ओलीस ठेवणे म्हणतात. रोझबडचे प्रमुख स्पॉटेड टेल यांनी आरंभी ठाम नकार दिला. त्यावर प्रॅट यांनी असा युक्तिवाद केला की, तुम्हाला वाचता येत असते तर ब्लॅक हिल्सचा, म्हणजे कराराने लकोटांना दिलेला आणि नंतर सरकारने घेतलेला, प्रदेश गमावण्याची वेळ आली नसती. हा मुद्दा बिनतोड होता, आणि तो करारमोड करणाऱ्या सरकारच्याच प्रतिनिधीने मांडावा यातील विसंगतीही तितकीच ठळक होती. अखेर स्पॉटेड टेल यांनी आपलीही मुले पाठवली. मात्र १८८० मध्ये शाळा पाहण्यास गेले असता ती लष्करी गणवेशात कवायत करताना दिसली, तेव्हा ते त्यांना परत घेऊन गेले.

इतर बहुतेक पालकांना तो पर्याय उरला नाही. १८९१ मध्ये शाळेत जाणे सक्तीचे करणारा कायदा झाला आणि १८९३ मध्ये मुले न पाठवणाऱ्या कुटुंबांचा शिधा रोखण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. शिकारीची भूमी हिरावली गेल्यानंतर सरकारी शिध्यावरच जगणाऱ्या लोकांसाठी या तरतुदीचा अर्थ काय होता, हे सांगावयास नको. ॲरिझोनातील होपी जमातीच्या १९ पुरुषांना, मुलांना शाळेत पाठवण्यास आणि जमिनीच्या सक्तीच्या वाटपास विरोध केल्याबद्दल, १८९५ मध्ये अल्काट्राझ बेटावर कैदेत ठेवण्यात आले. शाळा आणि जमीन हे दोन प्रश्न सरकारच्या लेखी वेगळे नव्हतेच: १८८७ च्या कायद्याने जमातींच्या सामाईक जमिनीचे तुकडे पाडून ‘उरलेली’ जमीन गोऱ्या वसाहतकारांना खुली केली जात होती, आणि पुढच्या पिढीला जमातीशी नाते सांगता येऊ नये, ही व्यवस्था शाळा करीत होत्या.

शाळेत अर्धा दिवस अभ्यास व अर्धा दिवस काम असे. मुलगे सुतारकाम, लोहारकाम व शेती करीत. मुली धुणे, शिवण व स्वयंपाक करीत, आणि शाळेचा खर्च बऱ्याच अंशी याच श्रमांवर भागे. मातृभाषा बोलल्यास शिक्षा होई. क्षय, गोवर, फ्लू यांच्या साथी गर्दीच्या शयनगृहांत वेगाने पसरत. कार्लाइल १९१८ मध्ये बंद झाली, पण इतर शाळा चालू राहिल्या. मूलनिवासींच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या १९२८ च्या मेरियम अहवालात सरकारी निवासी शाळांचा दर मुलामागे रोजचा अन्नखर्च सुमारे ११ सेंट असल्याची नोंद आहे. हा अहवाल सरकारच्याच विनंतीवरून तयार झाला होता; तरीही अपत्यांच्या ताटातुटीला लगाम घालणारा बालकल्याण कायदा होण्यास १९७८ साल उजाडले.

लगुना प्वेब्लो जमातीच्या डेब हालंड मूलनिवासींचे व्यवहार पाहणाऱ्या अंतर्गत खात्याच्या (इंटिरियर) मंत्री झाल्यावर २०२१ मध्ये सरकारी चौकशी सुरू झाली. जुलै २०२४ च्या अहवालानुसार १८१९ ते १९६९ या काळात सरकारी मदतीने चाललेल्या अशा ४१७ शाळा होत्या आणि त्यांत किमान ९७३ मुले मरण पावली. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी ॲरिझोनातील हिला नदीकाठच्या मूलनिवासी वस्तीत जाऊन देशाच्या वतीने माफी मागितली.

कार्लाइलची दफनभूमी आजही लष्कराच्या आवारात असून १९२७ मध्ये ती मूळ जागेवरून हलवण्यात आली होती. २०१७ पासून तेथे पुरलेल्या मुलांचे अवशेष परत पाठवले जात आहेत. २०२१ मध्ये नऊ मुलांचे अवशेष रोझबडला परतले. मात्र मूलनिवासींच्या अवशेषांविषयीचा १९९० चा कायदा येथे लागू होत नाही, अशी लष्कराची भूमिका आहे. लष्कराच्या स्वतःच्या पद्धतीनुसार मागणी जमातीने नव्हे, तर सर्वांत जवळच्या नातेवाइकाने करावी लागते. अपत्यहीन अवस्थेत, बालवयातच मेलेल्या मुलाचा जवळचा नातेवाईक शंभर-सव्वाशे वर्षांनंतर शोधावयाचा कसा, हा प्रश्न उभा राहिला, आणि नेब्रास्कातील विनेबेगो जमातीने तेथे पुरलेल्या आपल्या दोन मुलांच्या अवशेषांसाठी जानेवारी २०२४ मध्ये लष्कराविरुद्ध न्यायालयात धाव घेतली.